तुमच्याकडे हे कोणत्या चालीवर म्हणतात?

बारडोली म्हटलं की मराठी वाचकाला १९२८ चा सत्याग्रह आठवतो, फार तर तिथला सहकारी साखर कारखाना. घरी राहून शिकणारी ख्रिस्ती मुलं आठवत नाहीत. साहजिक आहे. अशी मुलं मुळात थोडी, त्यात घरात मराठी बोलणारी आणखी थोडी. पण सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार करत जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या दोन्ही अंगांना मराठी, गुजराती, अहिराणी, गामीत, मावची अशा कितीतरी बोलींत उपासनेची गाणी म्हटली जातात. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. या पट्ट्यात नोकरीधंद्यासाठी येऊन राहिलेलं एखादं कुटुंब मुलांना घरीच शिकवायचं ठरवतं. कुणाच्या बदल्या सारख्या होतात, कुणाच्या मुलाला गुजराती माध्यम झेपत नाही, कुणाची तब्येत नाजूक असते, कुणाला शिक्षणात श्रद्धेला जागा हवी असते.

अभ्यासाचं जमून जातं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं आणि परीक्षेचं माध्यम मराठी किंवा गुजरातीही घेता येतं. शिक्षणहक्क कायद्यात घरशिक्षणाला वेगळी मान्यता नाही, आणि घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षाही नाही. अडतं ते भलत्याच ठिकाणी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वयाचं कुणीतरी लागतं. रविवारी उपासनेनंतर अंगणात अर्धा तास गप्पा होतात, तेवढ्यावर आठवडा निघत नाही. मग ते मूल फोन उघडतं. तिथे त्याला कुणीतरी भेटतं, आणि बहुतेक वेळा ओळखीचं निमित्त असतं एखादं गाणं.

हा लेख अशा मुलांच्या पालकांसाठी आहे. मधला थोडा भाग थेट मुलांसाठी आहे. तो त्यांना वाचायला द्यावा. पहिली गोष्ट पालकांना सांगायची ती ही की अशा ओळखींना बंदी घालू नका. शाळेत जाणाऱ्या मुलाचं इंटरनेट काढून घेतलं तरी त्याला वर्ग उरतो, डबा खाणारे मित्र उरतात. तुमच्या मुलाला काय उरेल, याचा विचार आधी करा. बंदी घालण्यापेक्षा ती ओळख कुठे आणि कशी होईल याची मांडणी तुम्हीच करा. कष्टाचं काम आहे, पण तुम्ही मुलाला बीजगणित शिकवता आहात, म्हणजे कष्टाला भिणारे नाही.

जळगावची सभा

घरी शिकणं मराठी ख्रिस्ती समाजाला अपरिचित नाही. पंडिता रमाबाई कुठल्याही शाळेत न जाता आईवडिलांकडून संस्कृत शिकल्या, तेही तीर्थयात्रेत, वाटेवर. ख्रिस्ती त्या पुढे, १८८३ मध्ये झाल्या. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली अक्षरं गिरवायला लागल्या आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून गेल्या.

आपल्या विषयाला याहून जवळची गोष्ट याच रेल्वेमार्गावर घडली आहे. धरणगावात १८९० साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सगळ्यांसमोर कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन परतला. पुढे तो नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मुलासारखी माया केली. टिळक ख्रिस्ती, ठोंबरे हिंदू. वयात जवळजवळ तीस वर्षांचं अंतर. जोडणारा धागा होता कवितेची आवड. त्या मुलाची ओळख आधी भरल्या सभेत झाली, मग ती एका घरात गेली, आणि त्या घरात स्वयंपाक करणारी, रागावणारी, सगळं पाहणारी एक बाई होती. आपल्या मुलांच्या ओळखीही अशाच व्हाव्यात असं मला वाटतं. आधी चारचौघांत, मग घरच्यांच्या देखत, आणि एकट्या-एकट्याने बोलणं सर्वांत शेवटी. फोनवर नेमकं याच्या उलट होतं. पहिल्याच दिवशी खासगी संदेश येतो.

आवड हा पुरावा नव्हे

दोन मुलांना एकच गायिका आवडते, म्हणून ती एकमेकांना ओळखू लागली असं वाटतं. पण आवड ही सोंग घ्यायला जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. तुमच्या मुलीने गाण्याच्या ॲपवर सार्वजनिक यादी करून ठेवली असेल, व्हिडिओंखाली दोन-चार मतं लिहिली असतील, तर कुणीही दहा मिनिटांत ती वाचून ‘अरे, मलाही अगदी हेच आवडतं’ म्हणू शकतो. काही ॲपं दोघांच्या याद्या मिसळून आवड किती टक्के जुळते तेही दाखवतात. मुलांना त्या आकड्याचं फार अप्रूप. त्या आकड्यातून समोरच्याचं वय कळत नाही, गाव कळत नाही, हेतू तर नाहीच नाही.

सोंग टिकत नाही ते कामात. एक गाणं दोघांनी मिळून बसवायला घेतलं की समोरचा खरंच पंधरा वर्षांचा आहे का, त्याच्या घरात पेटी आहे का, तो रियाज करतो का, चूक दाखवली तर रागावतो का, हे सगळं आठवड्याभरात उघड होतं. म्हणून मुलांना ‘तुला कोणतं गाणं आवडतं’ या प्रश्नावर फार वेळ थांबू देऊ नका. त्यांच्यासाठी याहून सकस प्रश्न आहे: तुमच्याकडे हे कोणत्या चालीवर म्हणतात?

मराठी ख्रिस्ती घरांत तर हा प्रश्न सोन्यासारखा आहे. टिळकांची, कृष्णराव सांगळ्यांची गीतं ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून घरोघरी गेली. शब्द छापील असले तरी चाल कानोकानी जाते, आणि जाताना बदलते. एका मंडळीत संथ, टाळांवर म्हटलं जाणारं गीत दुसरीकडे गिटारवर दुप्पट लयीत ऐकू येतं. बारडोलीतल्या मुलाला गुजराती भजनंही येत असतात. नवापूरकडच्या मुलीला मावचीतली गाणी येतात. वसईच्या कॅथलिक घरातल्या मुलाने सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी आजीकडून ऐकलेली असतात, गोव्यातल्या मुलीला मांडो ठाऊक असतो. ‘आमच्याकडे असं म्हणतात’ म्हणून प्रत्येकाने चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण टाकलं, की ओळखीला खरी सुरुवात झाली. शिवाय हे सोंग घेणाऱ्याला जमत नाही. एखाद्या मंडळीची चाल माहीत असायला तिथे बसून गायलेलं असावं लागतं.

जागा कोणती

चार-सहा कुटुंबांनी मिळून गट करावा. ही कुटुंबं शोधायची कुठे? पाळकसाहेबांना किंवा फादरना विचारा. त्यांची ओळख आसपासच्या मंडळ्यांत असते. एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रावर चौकशी करा. मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असेल तर परीक्षाकेंद्रावर इतर पालक भेटतात, आणि त्यातलं एखादं मूल घरीच शिकणारं निघतं. घरशिक्षण देणाऱ्या पालकांचे देशभर गट आहेत, पुण्या-मुंबईत तर चांगले सक्रिय. पहिला फोन मात्र पालकाने पालकाला करायचा. दुसऱ्या घरातल्या आईशी पंधरा मिनिटं बोललात की जे कळतं ते मुलांच्या महिनाभराच्या गप्पांतून कळत नाही.

गटात दोन मोठी माणसं असावीत, वेगवेगळ्या घरांतली, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. ती आहेत हे मुलांना माहीत असावं. लपून वाचणं नको. एकदा पकडले गेलात की मुलं दुसरीकडे गट काढतील आणि त्याचा पत्ता तुम्हाला लागणार नाही. या मोठ्यांनी बोलायचं कमी. रोज सकाळी वचन आणि गुलाबाचं फूल टाकणाऱ्या काकांना प्रेमाने दुसऱ्या गटात पाठवा.

व्हॉट्सॲप सर्वांकडे असतं म्हणून गट तिथेच निघतो, पण तिथे प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो हे विसरू नका. मुलांचे नंबर उघड करायचे नसतील तर गटात आईचा किंवा वडिलांचा नंबर ठेवा आणि मुलाने त्या फोनवरून भाग घ्यावा. ‘मला गटात कोण जोडू शकतं’ ही सेटिंग ‘माझे संपर्क’वर आणा. इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्या मुलांची खाती आता आपोआप खासगी होतात, अनोळखी माणसाचा संदेश थेट पोचत नाही, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. अर्थात जन्मतारीख खरी टाकली असेल तरच. खातं लवकर उघडता यावं म्हणून घरातल्या मोठ्यांनीच मुलाचं वय वाढवून टाकलेलं असतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. ते आज बसून दुरुस्त करा. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, डिस्कॉर्ड यांचं स्वतःचं किमान वय १३ आहे. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मात्र १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूलच मानतो.

डिस्कॉर्डबद्दल दोन शब्द. संगीताची आवड असलेली मुलं तिकडे वळतात, कारण तिथे बोलण्यासाठी वेगवेगळ्या खोल्या असतात, फोन नंबर उघड होत नाही. तुम्ही स्वतः काढलेला, फक्त निमंत्रणाने प्रवेश असलेला सर्व्हर असेल तर चांगलं. हजारो अनोळखी माणसांच्या सर्व्हरवर चौदा वर्षांच्या मुलाला एकटं सोडणं मला पटत नाही, मग त्याच्या नावात ‘ख्रिस्ती’ असो वा नसो.

मिळून गाणं बसवताना

मुलांनो, आता तुमच्याशी.

पहिली निराशा आधीच सांगून ठेवतो. व्हिडिओ कॉलवर सर्वांनी एकाच वेळी गायला जाल तर गोंधळ होईल. तुमचा दोष नाही. सोबत गाणाऱ्यांमध्ये साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की लय सुटायला लागते, आणि बारडोलीहून वसईला आवाज जाऊन परत यायला कॉलवर याच्या कितीतरी पट वेळ लागतो. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि गाणं रांगत जातं. म्हणून कॉलवर बोला, चाल शिकवा, हसा. गायचं मात्र एकेकट्याने आणि जोडायचं नंतर.

आधी पट्टी ठरवा. मुलींना काळी चार-पाच सोयीची वाटते, मुलांना काळी एकच्या आसपास. दोघांनी एकत्र गायचं तर तडजोड लागते किंवा ओळी वाटून घ्याव्या लागतात. ज्याचा आवाज सध्या फुटतो आहे त्याने बिनदिक्कत सांगावं. तेरा-चौदाव्या वर्षी एका महिन्यात पट्टी उतरते, वरचा स्वर गायब होतो, मधेच किंचाळी निघते. त्याने तोपर्यंत ढोलकी, तबला, गिटार, कॅहोन, जे हाताशी असेल ते वाजवावं. त्याला चिडवणाऱ्याला गटातल्या ताईने सुनावलं तरी चालेल.

मग लय. मेट्रोनोमचं कोणतंही फुकट ॲप घ्या आणि आकडा ठरवा, समजा ७२. पेटी किंवा गिटारवाल्याने त्या लयीवर पूर्ण गाण्याची साथ मुद्रित करायची, सुरुवातीला तीन टाळ्या देऊन. ती फाइल सर्वांना पाठवायची. पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. व्हॉइस नोट म्हणून पाठवलीत तर आवाज दाबला जातो आणि पेटीचा गोडवा जातो. बाकीच्यांनी ती फाइल एका फोनवर कानात ऐकत दुसऱ्या फोनवर फक्त आपला आवाज मुद्रित करायचा, त्याच तीन टाळ्यांसह. कानातलं वायरवालं असावं. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो आणि तुम्ही प्रामाणिकपणे लयीत गाऊनही फाइलमध्ये मागे पडलेले दिसता. शेवटी एकाने सगळ्या फाइली बँडलॅब किंवा ऑडॅसिटीमध्ये टाळ्या जुळवून एकाखाली एक मांडायच्या. पंखा बंद करा. कपाटातल्या कपड्यांसमोर तोंड करून गायलात तर खोलीचा घुमणारा आवाज कमी होतो. ऊसतोडीच्या हंगामात बारडोलीत राहणाऱ्यांनी रस्त्याकडची खिडकी लावून घ्यावी; ट्रॅक्टरचा आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही.

पहिलं गाणं सोपं आणि छोटं घ्या. दोन कडवी पुरे. टिळकांचं निधन १९१९ साली झालं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्दांवरचा हक्क संपतो, त्यामुळे त्यांच्या गीतांचे शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. हिलसाँग, एलिव्हेशन वर्शिप वगैरेंची आजची गाणी शिका, गटात ठेवा, हवी तेवढी म्हणा. पण त्यांच्या कंपनीने काढलेला साथीचा ट्रॅक लावून यूट्यूबवर चढवू नका. व्हिडिओवर दावा येईल, कधी आवाज बंद होईल, कधी तो उतरवला जाईल.

आणि भांडणांबद्दल. ‘आमच्याकडे ढोलताशा चालत नाही’, ‘अभंग म्हणजे जुनाट’, ‘इंग्रजी वर्शिपमध्येच आत्मा असतो’, हे तिन्ही सूर एकाच गटात निघतील. कॅथलिक मुलगा मरियेचं गीत पाठवेल आणि दुसऱ्या घरात भुवया वर जातील. तेव्हा एवढं आठवा की मराठीतलं एक फार मोठं ख्रिस्ती काव्य, ‘ख्रिस्तपुराण’, फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसाने गोव्यात बसून ओवीत लिहिलं आणि ते १६१६ साली छापून निघालं. आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हा वाद तुमच्या पिढीने सुरू केलेला नाही, तुमच्याकडून मिटणारही नाही. समोरच्याच्या गाण्यात काय चांगलं आहे ते एक वाक्य आधी सांगा. मग वाद घाला, खुशाल.

काय सांगायचं, काय नाही

पहिलं नाव, वय, वाद्य, आवडतं गीत, जिल्हा, एवढं सांगायला हरकत नाही. गल्ली, फोन नंबर, आईवडील घरी कधी नसतात, हे सांगायचं नाही. व्हिडिओ करताना मागे काय दिसतं ते पाहा. दारावरची पाटी, स्कूटरचा नंबर, खिडकीतून दिसणारं दुकान, यावरून घर सापडतं. पहिल्या काही महिन्यांत नुसता आवाज पुरतो. गाण्याला चेहरा लागत नाही.

ख्रिस्ती घरांसाठी आणखी एक. घरातल्या प्रार्थनासभेची जागा, वेळ आणि तिथे येणाऱ्यांचे फोटो मुलांनी गटाबाहेर टाकू नयेत. दक्षिण गुजरातेत हे सांगायला विशेष कारण आहे. १९९८ च्या नाताळात डांगात प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले, ते पाहिलेली माणसं अजून मंडळ्यांत आहेत. मोठी माणसं फोटोला नको म्हणतात तेव्हा ती जुनाट म्हणून नव्हे, हे मुलांना एकदा नीट बसवून सांगा. सभेला कोण येतं हे त्या माणसाने स्वतः सांगायचं असतं. आपल्या गाण्याच्या व्हिडिओतून ते कळायला नको.

आता जरा अवघड भाग. अशा ओळखींत वाईट हेतूचा माणूस नेहमीच्या चित्रातल्यासारखा येत नाही. तो प्रार्थनेची भाषा बोलतो. ‘प्रार्थना करताना देवाने माझ्या मनात तुझंच नाव घातलं.’ ‘तुझ्या आवाजावर अभिषेक आहे, पण तुझ्या घरच्यांना ते कळणार नाही.’ ‘हे आपल्या दोघांत आणि प्रभूतच राहू दे.’ शाळेत चार प्रकारची माणसं पाहिलेल्या मुलापेक्षा घरात विश्वासाने वाढलेल्या मुलाला हे लवकर पटतं, कारण ही भाषा त्याने फक्त चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलेली असते. त्याला स्पष्ट सांगा: जो आईवडिलांपासून काही लपवायला सांगतो, त्याच्या तोंडी कितीही वचनं असली तरी ते आधी आईला दाखवायचं. स्तुती, गुपित आणि घाई, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं. पैशांचंही तसंच. ‘सेवेसाठी’, ‘अल्बमसाठी’, ‘आजारी भावासाठी’ कुणी क्यूआर कोड पाठवला, तर ते मुलांचं कामच नाही.

आणि तुम्ही मात्र, पालकांनो, मुलाने आणून दाखवलं की पहिल्या वाक्यात फोन काढून घेऊ नका. ज्या घरात सांगितल्याची शिक्षा होते तिथे दुसऱ्यांदा कुणी सांगत नाही. चित्रपटसंगीत किंवा कोरियन पॉप तुमच्या घरात चालत नसेल, तर तो तुमचा अधिकार. पण मुलगी ते ऐकते हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही रागावलात, तर ती पुढे एखादा त्रास देणारा संदेशही त्याच भीतीने लपवेल. या दोन गोष्टी मुलाच्या मनात वेगळ्या ठेवणं तुमच्या हातात आहे. मी तर म्हणेन, महिन्यातून एकदा तिचं आवडतं गाणं तिच्यासोबत शेवटपर्यंत ऐका. न आवडलं तर तसं सांगा. पण शेवटपर्यंत ऐका.

मुलगा आणि मुलगी गटात जास्त बोलू लागली तर? लागतील. तो वयाचा भाग आहे. गट बंद करून ते थांबत नाही, नुसतं नजरेआड जातं. दोन्ही घरांना एकमेकांची माहिती असेल, बोलणं रात्री साडेनऊनंतर नसेल आणि फोन रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लागत असतील, तर यातलं पुष्कळसं आपोआप मर्यादेत राहतं.

काही बिघडलंच

कुणी घाणेरडा संदेश किंवा चित्र पाठवलं, मागितलं, किंवा धमकी दिली, तर उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि संभाषण पुसायचं नाही. पुसलं तर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. त्या माणसाचं खातं, नंबर, वेळ लिहून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा थेट पोलीस ठाण्यात करता येते. १८ वर्षांखालच्या मुलाला असा त्रास देणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग त्रास देणारा बारडोलीत बसलेला असो की आणखी कुठे.

इथे भले लोक एक मोठी चूक करतात. पुरावा म्हणून ते चित्र पाळकांना, मामाला, इतर पालकांच्या गटात पुढे पाठवतात. तसं अजिबात करू नका. मुलाचं अश्लील चित्र पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या मुलाची तर पुन्हा पुन्हा बेअब्रू होते. ज्या फोनवर आलं त्याच फोनवर राहू द्या आणि तो फोन पोलिसांना दाखवा. मूल स्वतःचं चित्र पाठवून बसलं असेल आणि ते पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत आंतरराष्ट्रीय सोय आहे. चित्र कुठेही न चढवता त्याचा एक सांकेतिक ठसा दिला जातो आणि त्यात सामील असलेल्या कंपन्या ते चित्र आपल्या ॲपवर शोधून काढून टाकतात. दोष मुलाचा नाही, हे त्या दिवशी दहा वेळा म्हणा.

प्रत्यक्ष भेट

सहा-आठ महिने गाणी बसवून झाली की मुलं म्हणतील, भेटूया. चांगलं आहे. पहिली भेट कुटुंबांची असावी, दिवसाउजेडी, माणसांच्या वर्दळीत. व्याऱ्याच्या किंवा नवापूरच्या एखाद्या मंडळीत नाताळआधी गायनाचा कार्यक्रम असतो. तिथे सर्वांनी जमावं आणि बसवलेली दोन गीतं खरोखर एकत्र गाऊन पाहावीत. कॉलवर न जमलेली लय समोरासमोर दुसऱ्या कडव्यात सापडते. बारडोलीहून निघालात तर याच मार्गावरच्या गाडीने जाता येतं. यजमान मंडळीच्या पाळकांना आधी कळवा, किती माणसं येणार ते सांगा, आणि जेवणाला हातभार लावा. कुणी मूल शेवटच्या क्षणी ‘नको’ म्हणालं तर त्याला ओढून नेऊ नका.

असे गट फार वर्षं टिकत नाहीत. कुणाची दहावी येते, कुणी वसतिगृहात जातं, एकाची आवड मेटलकडे वळते आणि दुसऱ्याला सारंगी सापडते. गट थंडावला की मुद्दाम पेटवत बसू नका. फक्त एक काम करा. सगळी ध्वनिमुद्रणं एका ठिकाणी उतरवून प्रत्येक घराला एक प्रत द्या, कोणत्या फाइलमध्ये कुणाची चाल, कोणत्या मंडळीची, कुणी शिकवली, एवढं प्रत्येकीवर लिहा, मग सामायिक फोल्डरचा दुवा बंद करा आणि ज्या खात्यांवर ती मुलं आता नाहीत तिथून त्यांचे फोटो उतरवा.